वीस लाखांचे पाच वाटे

आमच्या गावात उघडलेली वस्तू एकट्यानं संपवायची पद्धत नाही. गुळाची भेली फोडली की त्या वेळी ओट्यावर जो कोणी बसलेला असेल त्याच्या हातावर खडा पडतो. लोणच्याची नवी बरणी काढली तर शेजारच्या दोन घरांत फोडी जातात. भुईमूग उपटताना वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून ओंजळभर शेंगा द्याव्या लागतात, मग तो अनोळखी असो की घाईत असो. ही पद्धत मोडणाऱ्याला ‘आपलपोट्या’ म्हणतात, आणि एकदा ते नाव लागलं की म्हातारपणापर्यंत सुटत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या पद्धतीमुळे झालं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं.

आमचं गाव मेडशीहून दोन कोसांवर. काही वर्षांपूर्वी मेडशीचा एक कंपाउंडर सायकलवर आमच्याकडे येऊ लागला. त्याच्या पेटीत काचेची पिचकारी, सुया, स्पिरिटचा दिवा आणि पेनिसिलिनच्या बाटल्या असत. बाटलीत पांढरी भुकटी असे. तीत पाणी घातलं की औषध तयार. एका बाटलीत वीस लाख युनिट आणि एका वेळी टोचायचे चार लाख, म्हणजे बाटलीत पाच डोस. पाणी घातलेलं औषध आमच्याकडच्या उन्हात फार टिकत नाही. म्हणजे ज्याला ताप आहे त्याला एक डोस दिला की चार उरतात. बाटली उघडलेली, आणि ओट्यावर माणसं बसलेली.

पुढचं समजायला गणित लागत नाही. एकाचा ताप, दुसऱ्याची दाढ, तिसऱ्याच्या पायाला झालेलं कुरूप, चौथ्याला काहीच नाही पण तो आलेला आहे. कंपाउंडर सगळ्यांना ओळीनं टोचायचा. सायकल शेतांमधल्या पांदीतून येताना दिसली की लोक हातातलं काम टाकून यायचे. मी एकदा त्याला विचारलं, ज्याला काहीच झालेलं नाही त्याला सुई कशाला. तो म्हणाला, “मालक, आत जाऊन बसते. पुढं कामी पडते.”

या ओळीत नेहमी पहिला बसणारा माणूस म्हणजे आमचा सोंगाड्या. आमच्या गावाची दंडार आहे. दंडार म्हणजे दिवाळीच्या सुमारास मोकळ्या जागेत होणारा नाचगाण्याचा खेळ, आणि त्यात हसवणारा तो सोंगाड्या. आम्ही एका वर्गात चौथीपर्यंत शिकलो. त्याची मान लांब होती आणि त्याला चेहऱ्याचा एकच अर्धा भाग हलवता यायचा. डावा गाल रडतोय आणि उजवा त्याच्याकडे बघतोय, असं तो करायचा. कंपाउंडरला तो हवाच असे, कारण तो कण्हायला लागला की बाकीचे हसत, आणि हसणाऱ्याची कंबर सैल पडते. गावात कोणाचंही गळू असो, सोंगाड्यानं त्याच्या बाटलीतला वाटा घेतलेला असायचाच. त्याला स्वतःला कधी काही झालेलं मी पाहिलं नव्हतं.

यातूनच त्यानं नवं सोंग काढलं. रंगपंचमीची पितळी पिचकारी घेऊन तो डॉक्टर व्हायचा, आणि साऱ्या दंडारीला ओळीनं उभं करून टोचायचा. शेवटी रोगी चिडून पिचकारी हिसकावत आणि डॉक्टरालाच नखशिखांत भिजवत. हे सोंग इतकं चाललं की दुसऱ्या गावांहून बोलावणी आली. कार्तिकात शिरपूरला खेळ झाला. तिथे मंदिराच्या यात्रेकरूंची गर्दी होती, थंडीही चांगलीच पडली होती. लोकांनी भिजवण्याचा भाग पुन्हा मागितला. मग पुन्हा मागितला. सोंगाड्या नाही म्हणणारा नव्हता. दंडारीतल्या एकानं नंतर मला सांगितलं की शेवटच्या वेळी त्याचे दात वाजत होते आणि लोकांना वाटलं, काय सोंग आहे.

गावी परतल्यावर त्याला ताप भरला. छातीत कळ येऊ लागली, श्वास अर्ध्यावर अडू लागला. मी बैलगाडीनं त्याला मेडशीच्या सडकेवर आणलं आणि तिथून मोटारीनं वाशीमला नेलं. बरोबर त्याची बायको होती. ती मला भाऊजी म्हणते, मी तिला वहिनी. डॉक्टर नागपूरला शिकलेले, कमी बोलणारे. त्यांनी छाती तपासली, निमोनिया आहे म्हणाले, इथे ठेवा म्हणाले.

सोंगाड्यानं खोलीत चारी बाजूंना पाहिलं. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्यानं अर्धा चेहरा करून दाखवला. म्हातारा भिंतीकडे वळला.

“भाऊ, मले घरी ने,” तो म्हणाला. “इथं कोनी हासत नाही.”

वहिनी म्हणाल्या, “अवो, इथं हासाले आलो का आपन?”

“मंग कायले आलो?”

पुष्कळ समजावलं. तो खाटेवरून उतरून दारात जाऊन बसला. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, कारण मी हिशेबी दिसलो असेन. त्यांनी माझ्या हातात दोन बाटल्या दिल्या. “सकाळी चार लाख, संध्याकाळी चार लाख. एक बाटली संपली की दुसरी. पाणी घातलेली बाटली रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची. बरा वाटला तरी थांबायचं नाही. आणि हे सगळं याचं एकट्याचं आहे.”

ते शेवटचं वाक्य डॉक्टरांनी का म्हटलं ते त्यांनाच ठाऊक. त्यांना आमचं गाव माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर आला तेव्हा सोंगाड्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे समाचाराला आले होते. आमच्या गावचे पाटील, वयानं मोठे आणि तंट्यात निवाडा देणारे, खाटेच्या उशाशी बसले होते. कंपाउंडरनं बाटलीचं झाकण काढलं, पाणी घातलं, हलवली. अंगणात सगळे गप्प झाले. भेली फुटताना होतात तसे.

मी म्हणालो, “हे औषध याचं एकट्याचं आहे. डॉक्टरांनी सांगितलंय.”

पाटील म्हणाले, “किती हाय थे?”

“वीस लाख.”

“अन् याले आता किती द्याचं?”

“चार.”

“मंग सोया राह्यले ना बावा. चार जन बसते.”

“ते सोळा लाख यालाच पुढच्या वेळी द्यायचे आहेत. एका माणसाला पाच वेळा.”

पाटलांनी थोडा विचार केला. “एका मानसाले पाच खेपा, का पाच मानसाईले एक खेप. बेरीज तं वीसच येते. तू हिशेबाचा मानूस, सांग, चूक हाय का?”

बेरीज चूक नव्हती. माझी अडचण तीच झाली. बेरीज बरोबर आहे आणि उत्तर चुकलं आहे, हे अंगणात बसलेल्या गावाला कसं पटवायचं, ते मला सुचेना. मी म्हणालो, “एकानं पाच दिवस जेवायचं ते पाच जणांनी एक दिवस जेवलं तर पहिला उपाशी मरेल.”

“एकटा जेवला तं बाकीचे चार मरतीन,” मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

वहिनी पुढे आल्या. “ज्याईले काही झालं नाही त्याईनं घरी जा. हा तमाशा नोहे.”

तेवढ्यात खाटेवरून सोंगाड्या बोलला. त्याचा आवाज खोल गेला होता, पण ऐकू आला. “आजवर म्या साऱ्याईच्या बाटलीतलं घेतलं. पाटीलबावाच्या दाढेतलं घेतलं, याच्या बुढीच्या तापातलं घेतलं. अन् आज माही बाटली फुटली तं एकटा घेऊ? लोकं काय म्हनतीन? थे चार बसवा पह्यले, मंगच म्या कंबर देतो.”

“तू मरशीन ना बे,” मी म्हणालो. रागानं माझीही भाषा गावची झाली.

“मेलो तं मेलो. आपलपोट्या म्हनून नाही मरत.”

आणि त्यानं धोतराची गाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. आजारी माणसाच्या हातात ती एकच सत्ता असते. चार जण ओळीनं बसले, त्यांत पाटीलही. सोंगाड्याला पाचवा वाटा मिळाला. तो टोचून घेताना सवयीनं कण्हला, लोक सवयीनं हसले, आणि सगळे समाधानानं घरी गेले. मी रिकामी बाटली उजेडात धरून पाहिली. तळाशी थेंबभर होतं. कंपाउंडर म्हणाला, “त्याचं काही होत नाही, मालक.”

दुसरी बाटली माझ्या घरी होती. त्या दुपारी मी पद्धतीवर विचार करत बसलो आणि मला एक वाट सापडली. आमचा नियम उघडलेल्या भांड्याला लागतो. परसात उघडलेल्या भांड्यावर ओट्यावरच्याचा हक्क नसतो, कारण ओट्यावरून परस दिसत नाही. मी कंपाउंडरला मागच्या दारानं बोलावलं. बाटली माझ्या स्वयंपाकघरात उघडली, चार लाख पिचकारीत भरून घेतले आणि बाटली ओल्या वाळूत पुरली. मग आम्ही दोघं पिचकारी पंचाखाली झाकून सोंगाड्याच्या घरी गेलो. अंगणातल्या लोकांना पिचकारी दिसली, पण बाटली दिसली नाही. पिचकारीत एकाचाच वाटा असतो. कोणी काही म्हणालं नाही. पाटलांनी पंचाकडे बराच वेळ पाहिलं, एवढंच.

असं संध्याकाळी झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. आणि ताप उतरला. सोंगाड्या उठून बसला, ज्वारीची भाकर आणि पिठलं मागून खाल्लं, आणि वहिनींना डावा गाल करून दाखवला. वहिनी चुलीकडे तोंड करून हसल्या. मीही फार खूश झालो. त्याच खुशीत त्या दुपारी कापसाची गाडी घेऊन मंगरूळपीरला गेलो. जाताना घरी नीट सांगून गेलो: वाळूतल्या बाटलीत बारा लाख उरलेत, तीन वेळचे, कंपाउंडर येईल त्याला परसदारानं घ्यावं.

मी परत आलो तेव्हा वाळूत खड्डा होता. घरचे म्हणाले, “सोंगाडेभाऊजी स्वतः आले होते काठी टेकत. म्हणाले, भाऊनं मागवली.”

झालं होतं ते असं. त्याला बरं वाटू लागल्यावर त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: पहिल्या दिवशी अंगणात पुष्कळ माणसं होती आणि वाटा चौघांनाच मिळाला. पहिल्या पंगतीत जागा मिळाली नाही त्यांची दुसरी पंगत बसवावी लागते, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. त्यानं कंपाउंडरला बोलावून ती बसवली. स्वतः बसला नाही, कारण यजमान पंगतीत बसत नाही. तीन माणसं चार-चार लाख घेऊन उठली. त्यांतल्या एकाच्या पायात काटा मोडला होता.

वहिनी मला म्हणाल्या, “म्या आडवी पडली दारात. मले म्हनाला, लोकं बाहेर उभे हायेत, तू काहून माही लाज काढून राह्यली?”

त्या पंगतीच्याच दिवशी दुपारपासून ताप पुन्हा चढला. या वेळी तो पहिल्यापेक्षा वाईट होता. मी वाशीमला गेलो आणि डॉक्टरांना सगळं क्रमानं सांगितलं, वाट्यांसह. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुमच्या घरी गोऱ्हे असतील,” ते म्हणाले. “नव्या गोऱ्ह्याला रोज नुसतं जोखड दाखवून सोडून दिलं, मानेवर नीट घातलंच नाही, तर काय होईल?”

“तो जोखडाला भिणार नाही.”

“काही दिवसांनी तो जोखडाखालीच झोपेल. तुमच्या गावातल्या जंतूंना तुम्ही सगळ्यांनी मिळून सुई नुसती दाखवत आणलीय. मोठ्या शहरांच्या दवाखान्यांत काही जंतू आताच ऐकेनासे झालेत, असं आमच्या वाचनात येतं. सगळीकडे असंच चाललं तर पुढे एक दिवस बाटली असेल आणि उपयोग नसेल.”

मी हे गावात येऊन सांगितलं. पाटलांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. “म्हंजे आपल्या गावचे जंतू सुईले ओळखते?”

“तसंच काहीसं.”

“मंग कंपाउंडर बदलून पाहू. दुसऱ्या गावचा आनू.”

ते थट्टा करत नव्हते.

डॉक्टरांनी या वेळी जास्तीचं औषध दिलं, आणि सगळ्या सुया वहिनींनी दार आतून लावून घेऊन टोचवल्या. सोंगाड्यात आता धोतराची गाठ धरण्याचीही ताकद नव्हती. औषध पूर्ण गेलं, त्याचं एकट्याचं, डॉक्टरांनी सांगितलं तसं. ताप हलला नाही. शेवटी डॉक्टर स्वतः बैलगाडीत बसून आले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले.

सोंगाड्यानं डोळे उघडले. “आवाज येते का, डॉक्टरसायेब?”

“येतो.”

“हासून राह्यले असतीन थे जंतू. आतमधी.” तो थांबला, श्वास गोळा केला. “मरत नाहीत मेले. दंडारीचा खेय सोडून कसे जातीन?”

डॉक्टर हसले. मी त्यांना हसताना त्या एकाच वेळी पाहिलं. सोंगाड्यानं ते नीट पाहून घेतलं आणि मला म्हणाला, “पाह्य, भाऊ. दवाखान्यातलाबी हासला.”

डॉक्टर म्हणाले की दुसरं एक नवं औषध आहे, ते अकोल्याला मिळालं तर मिळेल. मी निघालो. औषध मिळालं. ते छातीशी धरून मी मेडशीला मोटारीतून उतरलो, तेव्हा सडकेवर आमच्या गावची बैलगाडी उभी होती आणि गाडीवानानं डोक्याला टापर, कानांवरून घ्यायचं फडकं, बांधलं नव्हतं; आमच्याकडे मयताला डोकं उघडं ठेवतात. त्याच सकाळी सोंगाड्या गेला होता.

ती बाटली मी उघडली नाही. तेरवीनंतर डॉक्टरांना नेऊन दिली, कोणाला तरी लागेल म्हणून. त्यांना मी सरळ विचारलं, पहिल्या दोन बाटल्या त्याला एकट्याला मिळाल्या असत्या तर तो वाचला असता का. ते म्हणाले, “वाचण्याची आशा पुष्कळ होती. पण जंतू निर्ढावले होते, की औषध मधेच तुटलं, की त्याची छातीच थकली होती, हे मला इथं बसून सांगता येणार नाही.” त्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच मी इथे लिहितो.

तेरवीला कंपाउंडर आला होता. तो जेवला आणि सवयीनं पेटीही घेऊन आला होता.

पुढच्या चैत्रात माझ्या मांडीला गळू झालं. मी वाशीमच्या त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तीच वीस लाखांची बाटली दिली आणि या वेळी शेवटचं वाक्य दोनदा म्हणाले. मी परसदाराचा विचार केला, पण आता साऱ्या गावाला परसदार माहीत झालं होतं. कंपाउंडर आला तेव्हा ओटा भरलेला होता. पाटील पुढे बसले होते.

“किती हाय?” त्यांनी विचारलं.

“वीस लाख. आणि सगळे माझे.”

एवढ्यात वहिनी आल्या. त्यांच्या हातात तुराटी होती, गुरं हाकायची. त्या माझ्या उंबऱ्यावर आडव्या बसल्या आणि तुराटी मांडीवर ठेवली. पाटील म्हणाले, “सूनबाई, आमी समाचाराले आलो.”

“समाचार घेतला ना? मंग आता उठा.”

ते उठले नाहीत, पण पुढेही आले नाहीत. पहिली सुई मी साऱ्या गावासमोर घेतली. उरलेल्या चारही मी घेतल्या, सकाळ-संध्याकाळ. प्रत्येक वेळी ओटा भरलेला आणि वहिनी उंबऱ्यावर. भरल्या पंगतीसमोर एकट्यानं पाच ताटं जेवावी, तसं मला वाटत होतं. शेवटच्या सुईला पाटील उठले, धोतर झटकलं आणि शांतपणे म्हणाले, “आपलपोट्या.”

गळू बसलं. नाव राहिलं. माझ्या मुलाला शाळेत आता आपलपोट्याचा म्हणतात, आणि मंगरूळपीरच्या बाजारातही एकानं मला त्याच नावानं हाक मारली. गावात मात्र एक फरक पडला आहे. कंपाउंडरची सायकल दिसली की ओटा अजून भरतो, पण ज्याच्या घरी खरा ताप असेल तो आधी वहिनींना बोलावणं पाठवतो. त्या तुराटी घेऊन येतात. त्यांना कोणी आपलपोटी म्हणत नाही, कारण त्या स्वतः काहीच घेत नाहीत.

यंदा दिवाळीला दंडारीत नवं सोंग आलं. एक माणूस पितळी पिचकारी घेऊन एकटाच बसतो, भोवती साऱ्या गावाला उभं करतो, आणि स्वतःलाच टोचत सुटतो: दंडात, पोटरीत, कानाच्या पाळीत. लोक लोळून हसत होते. सोंग माझंच होतं. टोपी घालायची माझी पद्धतही त्यानं उचलली होती. मीही हसलो. चांगलं बसवलं होतं.

वहिनी आमच्या घरच्यांजवळ बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. बारकाईनं पाहत होत्या.

“याले सुई घेता येत नाही, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “पहा ना, कंबर कशी चोरून राह्यला. तुमच्या भावानं असं नसतं केलं.”